फाटकाच्या सिनेमातलं अकरावं रीळ

अक्का,

ही गोष्ट सांगायचं मी पन्नास वर्षं टाळलं. कारणं शोधावी लागली नाहीत, ती आपली आपण येत गेली. आधी तू कुणाशी बोलत नव्हतीस. मग विलासच्या वेळी तुला दिवस गेले होते. मग तुझ्या सासूबाईंच्या कानावर जायला नको म्हणून थांबलो. मग दाजी गेले. नंतर तर इतकी वर्षं लोटली, की आता उकरून काय मिळणार असं मीच मला समजावायला लागलो. आज एकही कारण उरलेलं नाही आणि तूही नाहीस. तुझा दहावा होऊन चार दिवस झाले.

दहाव्याला नदीवर रीतीप्रमाणे भाषणं झाली. सोसायटीचे जुने चेअरमन माइक धरून म्हणाले, "तरुणपणी ह्या माउलीच्या हातून एक चूक घडली. पदरचं लेकरू गेलं. पण ती खचली न्हाई, सगळ्या निमोण्याची आई झाली." ते चांगल्या मनानं बोलले. लोकांनी माना हलवल्या. विलासनं खाली बघितलं. मी भाऊ म्हणून पुढच्या खुर्चीवर बसलो होतो. उठून एवढंच म्हणायचं होतं, की ती चूक तिची नव्हती. मी उठलो नाही. माझे गुडघे दुखतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी गुडघ्यांचा काही दोष नव्हता.

म्हणून लिहायला बसलोय. लिहून झालं की विलासच्या हातात देईन. ऋतुजानंही वाचावं. आपल्या आजीबद्दल नातीनं खोटं ऐकत राहू नये.

सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, मधूनच कर. शेतात कांदे काढताना बायका तुला सिनेमाची गोष्ट सांगायला लावायच्या, तेव्हा तू कधी सुरुवातीपासून सांगितली नाहीस. "सरळ सांगितली की दोन वाक्यांत संपती," म्हणायचीस, "आन् कांदं तर अजून चार सरी ऱ्हायल्यात."

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वडील त्याआधीच गेलेले. दौंडला रेल्वेलाइनच्या कडेला आपली एक खोली होती, ती सोडायची वेळ आली. तुझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या सुनेनं भावाला घेऊन निमोण्याला सासरी यायचं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. तू दाजींना म्हणालीस, "ह्यो भांड्यांबरोबर आला असं समजा." दाजी हसले आणि मी राहिलो. सासूबाईंनी महिनाभर मला नावानं हाक मारली नाही, 'ते भांडं' म्हणायच्या. तुझ्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात कशी यायची ते मला खूप उशिरा कळलं. मला वाटायचं, तुला भूकच कमी.

शाळा मला झेपली नाही. शिरूरच्या थेटरात मी आधी तिकिटं फाडायला लागलो आणि बाविसाव्या वर्षी ऑपरेटर झालो. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. तू मात्र गावभर सांगितलंस, "माझा भाऊ सिनेमा लावतो." जसं काही मीच तो काढलाही होता.

आता सिनेमा मोबाइलवर दिसतो, त्यामुळे ऋतुजासाठी सांगतो. तेव्हा एक सिनेमा म्हणजे बारा-चौदा रिळं असायची. एकेक रीळ दहा-अकरा मिनिटांचं. वरच्या खोलीत दोन मशिनं. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका झळकायचा. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. बघणाऱ्याला कळायचंही नाही. सिनेमा आधी दौंडला चालायचा आणि मग पत्र्याच्या डब्यांतून एसटीनं शिरूरला यायचा. खेळ लांबला आणि पुढच्या खेळाची माणसं उन्हात ताटकळली, की मालक खालून ओरडायचे, "एखादं गाळ रे." मग आम्ही एखादं रीळ लावायचोच नाही. लोकांच्या लक्षात आलं तर शिट्ट्या पडायच्या, नाही आलं तर नाही. सगळ्या लहान गावांत हे चालायचं. त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं.

बाजारच्या दिवशी बाराचा खेळ फक्त बायकांचा असायचा. तू बाजार उरकून पिशव्यांसकट यायचीस आणि ठरलेल्या जागी बसायचीस, माझ्या खिडकीच्या बरोबर खाली, शेवटच्या रांगेत. चित्र पुसट झालं, आवाज मागे-पुढे झाला, की तू हात वर करायचीस. वरून मला तुझा हिरव्या बांगड्यांचा हात दिसायचा. मशिनच्या घरघरीत मला खालचं काही ऐकू यायचं नाही, आणि डोळे सतत उजेडाकडे असल्यानं ठिपका सोडला तर पडदा नीट दिसायचा नाही. तुझा हात बघून मी भिंग फिरवायचो. मालक म्हणायचे, बायकांच्या खेळाला तू फार मन लावून काम करतोस. काम तू करून घेत होतीस.

मग नंदा गेली.

गावाला जे माहीत आहे ते असं. वस्तीवर घरामागे पाण्याचा हौद होता. विहिरीला पाणी कमी, म्हणून इंजिन चालेल तेव्हा तो भरून ठेवायचा. वर पत्रा आणि पत्र्यावर दगड, पोरंबाळं आणि कुत्री जाऊ नयेत म्हणून. त्या दुपारी तू दोन बादल्या पाणी काढलंस, अंगात ताप होता म्हणून नंदाला कुशीत घेऊन पडलीस, आणि डोळा लागला. नंदा तीन वर्षांची. ती उठली आणि मागे गेली. पत्रा बाजूला होता.

सासूबाईंनी विचारलं, शेवटी पाणी कुणी काढलं. तू म्हणालीस, "मीच." झाकण लावल्याचं आठवतं का, तर तू म्हणालीस, "आठवत न्हाई." तेवढ्यावर सगळं ठरलं. त्यानंतर तीन वर्षं तू कामाशिवाय बोलली नाहीस. थेटरात तर आलीच नाहीस. तुझ्या जागेवर दुसऱ्या बायका बसायच्या आणि त्यांना चित्र पुसट झालेलं कळायचंही नाही.

तीन वर्षांनी एकदा दाजी थेटरावर आले; मी तोवर शिरूरलाच राहायला लागलो होतो. टोपी हातात घेऊन उभे राहिले. "तुझ्या बहिणीला येखादा सिनेमा दाखव," म्हणाले. "हसायचा आसंल तर बरं. न्हाईतर कसलाबी. घरात भिंती बोलतील पर ती बोलायची न्हाई."

त्या आठवड्यात दौंडहून जो सिनेमा आला त्याचं नाव तुला कधी लक्षात राहिलं नाही. तू त्याला कायम 'फाटकाचा सिनेमा' म्हणालीस, मीही तेच म्हणतो. दौंडच्या ऑपरेटरनं डब्यात चिठ्ठी टाकली होती, 'बायका फार रडतात, खेळ चांगला जातो.' मी बाजारच्या दिवशी सकाळी रिकाम्या थेटरात तो एकट्यानं लावून बघितला. तुला दाखवायचा म्हणून.

पहिल्यांदा वाटलं, रिळांचे आकडे चुकलेत. एका बाईचा लहान मुलगा फाटकातून रस्त्यावर जातो आणि गाडीखाली येतो, एवढीच गोष्ट. पण सिनेमा सुरू होतो तेव्हा ते होऊन गेलेलं असतं. आई पायरीवर बसलेली असते आणि घरातली माणसं हळू आवाजात बोलत असतात. मग तीच दुपार परत येते. दुसऱ्या रिळात, पाचव्यात, आठव्यात. दर वेळी थोडं जास्त दिसतं. एकदा नुसतं वाऱ्यानं हलणारं फाटक. एकदा आईचा हात कडीवर, पण ती कडी लावतेय की काढतेय ते दिसत नाही. मी मशीन थांबवून डब्यांवरचे आकडे दोनदा तपासले. बरोबर होते.

अकराव्या रिळात ती दुपार शेवटची येते. या वेळी ती आईच्या नजरेतून दिसत नाही, तिच्या धाकट्या भावाच्या नजरेतून दिसते. कडी लावलेली असते. आईनं ती नीट लावलेली असते. नंतर भाऊ शीळ घालत बाहेर पडतो, फाटक ढकलतो आणि मागे न बघता निघून जातो. बाराव्या रिळात तो बहिणीच्या पायाशी बसून रडतो आणि ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते. तिथं सिनेमा संपतो.

रीळ संपलं तरी मी मशीन बंद केलं नाही. पांढरा पडदा तसाच पेटलेला राहिला. खाली झाडूवाल्या मावशी ओरडल्या, "ऑपरेटर, झोपला का?"

अक्का, त्या दुपारी तुझ्यानंतर पाणी मी काढलं होतं. मला थेटरात जायचं होतं आणि सायकल धुळीनं भरली होती. नवी सायकल, तिचं स्टँड मोडलेलं. मी पत्र्यावरचा दगड उचलला आणि सायकलीच्या मागच्या चाकाला टेकू म्हणून लावला. पत्रा बाजूला केला, एक बादली काढली, सायकल धुतली. उशीर झाला होता. सायकलवर टांग टाकली आणि निघालो. संध्याकाळी मला घरी आणलं तेव्हा अंगणात सगळं गाव होतं. दगड मी जिथं ठेवला होता तिथंच पडलेला होता, हौदापासून दहा पावलांवर. इतकी माणसं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. मी तो उचलून पत्र्यावर ठेवला. आत तू तोवर 'मीच' म्हणून बसली होतीस.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. घाबरलो होतो. हे घर सोडून मला घर नव्हतं, आणि तुझ्याशिवाय माणूस नव्हतं. बावीस वर्षांच्या माणसाचं हे कारण होऊ शकत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि आता तू सिनेमा बघायला येणार होतीस. मी अकरावं रीळ डब्यात घातलं आणि डबा आठवडाभरासाठी बाकाखाली सरकवला. ते मशिनवर चढवायला माझा हात झाला नाही.

तू आलीस. शेवटच्या रांगेत, आपल्या जागी. बांगड्या तेव्हा दोनच होत्या. तू सिनेमा बघत होतीस की नाही कळत नव्हतं, इतकी स्थिर बसली होतीस. दहावं रीळ संपत आलं, कोपऱ्यात ठिपका आला, आणि मी दुसऱ्या मशिनवरून बारावं सोडलं. पडद्यावर उडी पडली. आई खोलीत उभी होती ती एकदम पायरीवर आली, आणि भाऊ तिच्या पायाशी रडायला लागला. सगळं थेटर हुंदके देत होतं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

तुझा हात वर गेला.

तीन वर्षांनी तो हात वर गेला होता, काहीतरी चुकलंय म्हणून. मी खिडकीतून बघत राहिलो. तू बराच वेळ हात तसाच धरलास.

खेळ सुटल्यावर तू जिन्याशी थांबली होतीस. मी खाली आलो. वाटलं, आता विचारेल. एसटी स्टँडपर्यंत आपण चालत गेलो. अर्ध्या वाटेत तू म्हणालीस, "मधी कायतरी उडालं."

"प्रिंट जुनी हाय," मी म्हणालो. "आन् दौंडहून येक रीळ आलंच न्हाई."

"व्हय? आसंल." मग थोड्या वेळानं, "उलटंसुलटं न्हाई तो सिनेमा. मघाशी तिकडं त्या बाया म्हणत व्हत्या, काय कळंना म्हणून. मला सगळं कळलं. ती बाई त्याच दुपारीत फिरती. कुठंबी गेली तरी तिथंच येती. आईचं डोकं तसंच चालतं." तीन वर्षांत तू एका दमात एवढं बोलली नव्हतीस. गाडी लागली होती. पायरीवर चढताना तू वळलीस. "पर शेवटी त्या भावाला येवढं रडायला काय झालं रे? पोरगं तर तिचं गेलं."

मी म्हणालो, "भाच्यावर जीव आसंल."

"जीव आसता तर आधी रडला आसता." आणि गाडी सुटली.

त्या दिवसानंतर तू बोलायला लागलीस. दाजींनी मला बोलावून जेवायला घातलं. मी सिनेमा दाखवून तुला बरं केलं असं ते मरेपर्यंत मानत होते. पुढच्या वर्षी विलास झाला. आणि तू फाटकाचा सिनेमा सांगायला लागलीस. कांद्याच्या सरीत, खुरपताना, लग्नाघरी पापड लाटताना. तो सिनेमा तुझ्या तोंडून ऐकलेल्या बायका तो बघितलेल्या बायकांपेक्षा जास्त असतील. तू तसाच सांगायचीस, फिरून फिरून त्याच दुपारी यायचीस, आणि दर वेळी थोडं जास्त सांगायचीस. ऐकता ऐकता बायका आपापलं बोलायला लागायच्या. कुणाचं मूल तापात गेलेलं, कुणी दवाखान्यात न्यायला उशीर केलेला. तू त्यांना सांगायचीस, "ती पायरीवर बसली ना, तवा तिला कुणी उठ म्हटलं न्हाई. मीबी म्हणत न्हाई. बस." चेअरमन म्हणाले ते तेवढं खरं आहे, तू गावाची आई झालीस. मला आत्ता लिहितानाही अभिमान वाटतो, आणि लगेच आठवतं की तू त्या बायकांबरोबर चुकीच्या पायरीवर बसली होतीस.

भावाच्या रडण्यावरून तुझं-माझं भांडण मात्र मिटलं नाही. भाऊबीजेला ताट हातात घेऊन तू विचारायचीस, "सापडलं का उत्तर?" मी दर वर्षी नवं सांगायचो. बहिणीचे हाल बघून रडला. घाबरून रडला. सिनेमा संपवायचा होता म्हणून रडला. तू म्हणायचीस, "तुला आपला सिनेमा लावता येतो, बघता येत न्हाई." मग ओवाळायचीस. नंदा गेली त्या वर्षीही तू ओवाळलंस, अक्का. दुखवट्याचं वर्ष, सासूबाई नको म्हणत होत्या. तरी तू ताट घेऊन आलीस. माझ्या कपाळाला लागलेलं तुझं बोट गार होतं.

मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगितली नाही.

तुझी शेजारीण हौसा बहिणीकडे दौंडला गेली असताना तोच सिनेमा बघून आली होती. खूप नंतर एकदा तू गोष्ट सांगताना ती मध्येच म्हणाली, "आगं, फाटक भावानं उघडं टाकलं व्हतं. शेवटी दाखवलंय की." तू दुसऱ्या दिवशी मुद्दाम शिरूरला आलीस. जिना चढून वर, मशिनच्या खोलीत, जिथं तू कधी आली नव्हतीस.

"हौसा म्हणती भावानं उघडं टाकलं. तसं हाय का?"

तुझ्या आवाजात काय होतं ते मला आजही ऐकू येतं. तू फाटकाचं विचारत नव्हतीस. असं होऊ शकतं का, एवढंच तुला हवं होतं. आई स्वतःला दोषी समजते आणि ती दोषी नसते, असं कुठं तरी, सिनेमात का होईना, घडलेलं आहे का.

मी म्हणालो, "न्हाई. ती झोपली आसंल मधी. मी आठवडाभर रोज तीन खेळ लावलेत."

"आसंल," तू म्हणालीस. एक रीळ आलंच नाही असं मीच पूर्वी सांगितलं होतं, ते तू काढलं नाहीस. कमरेची पिशवी सोडून मला शेंगदाण्याचे लाडू दिलेस. गावात जाऊन हौसाला सुनावलंस, "माझा भाऊ लावतो सिनेमा. त्येला ठावं न्हाई, आन् तुला ठावं?" महिनाभर तुम्ही दोघी बोलत नव्हता. ते लाडू मी खाल्ले. सगळे खाल्ले.

पुढचं सगळं चांगलंच झालं. माझं लग्न तू जमवलंस. माझी पोरं तुझ्या अंगाखांद्यावर वाढली. थेटर बंद पडलं, तिथं मंगल कार्यालय झालं. मी रिकामा झालो तेव्हा तू विलासला सांगून मला मार्केट यार्डात कामाला लावलंस. एवढं आयुष्य तू मला दिलंस. मला ते भोगायचा हक्क नाही असं रोज वाटायचं, आणि मी ते आनंदानं भोगलं, हेही खरं आहे. तुझ्यामुळेच भोगता आलं.

मागच्या दिवाळीनंतर तुझा फोन आला. ऋतुजानं फाटकाचा सिनेमा मोबाइलवर शोधून दिला होता.

"बघितला," तू म्हणालीस. "सगळा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यो भाऊ का रडला ते कळलं. तुला येवढी वर्सं कळलं न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "ते रीळ दौंडलाच ऱ्हायलं व्हतं, अक्का."

तिकडे तू हसलीस का खोकलीस, नीट कळलं नाही. "बरं झालं ऱ्हायलं," म्हणालीस. "तवा मला झेपलं नसतं. येक गेल्यावर दुसरं घालवायची ताकद नव्हती." मग लगेच, "हौसाला सांगाय पाहिजे, तू खरं बोलत व्हतीस म्हणून. म्हातारी माजंल." आणि शेवटी, "ये की कवातरी. आपण दोघं मिळून सगळा बघू. शेवटपत्तोर."

तुला कळलं होतं, असं मी मानतो. कधीपासून ते माहीत नाही. कदाचित त्या फोनच्या आदल्या दिवसापासून, कदाचित हात वर केलास तेव्हापासून. तू मला बोलावून दार उघडं ठेवलंस, आणि मी चार महिने आलो नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ऊन होतं.

आलो तेव्हा तू खाटेवर होतीस, पण बोलणं खणखणीत. ऋतुजानं मोबाइल उशीला टेकवून लावला. सुनेनं चहा आणला. आपण बघत बसलो. तू मला बघायला शिकवत होतीस, "हे बघ, आता परत तीच दुपार." मला पुढचं सगळं पाठ होतं. दहाव्या रिळाचा शेवट आला. जुन्या प्रिंटवरून उतरवलेला सिनेमा, त्यामुळे तो ठिपकासुद्धा तसाच आला, कोपऱ्यात, एक क्षणभर. माझा हात आपोआप उठला, मशीन बदलायला.

तू माझ्याकडे बघत होतीस. सिनेमाकडे नाही.

मी म्हणालो, "अक्का, माझी येष्टी चुकंल. पुढचं नंतर बघू."

तू ऋतुजाला म्हणालीस, "थांबव तिथंच." आणि मला म्हणालीस, "जा. सावकाश जा. पुढच्या बाजारला ये." दारातून वळून बघितलं तर तू हात वर केला होतास. निरोपाचा असेल. मला तो खिडकीखालचा हात वाटला.

पुढचा बाजार यायच्या आत तू गेलीस.

दहाव्याला जेवणं झाल्यावर मी हौसाबाईंकडे गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणालो, "हौसाबाई, तुम्ही खरं बोलत व्हता. फाटक भावानंच उघडं टाकलं व्हतं."

"तिनं सांगितलं मला फोन करून," म्हणाल्या. "पर तुम्ही मला सांगून काय उपेग, मामा. मी काय तुमची बहीण हाय?"

निघताना ऋतुजा जवळ आली. मोबाइल दाखवत म्हणाली, "मामाआजोबा, आजीनं पुढचं लावू दिलं नाही. रोज विचारायचे मी. म्हणायची, मामा येईपर्यंत तिथंच राहू दे." पडद्यावर ती आई खोलीत उभी होती. ठिपका नुकताच येऊन गेलेला.

मी ते पुढं लावलं नाही. ते तुझ्याबरोबर बघायचं होतं, आणि अकरावं रीळ संपल्यावर काय बोलायचं ते मी त्या दिवशी तुला भेटायला येताना एसटीत पाठ करून आलो होतो. तुझ्या अंगणात शिरेपर्यंत ओठांवर होतं. तेवढंच इथं लिहितो, जसं म्हणायचं होतं तसं.

अक्का, पत्रा मी उघडा टाकला व्हता. दगड माझ्या सायकलीच्या चाकाखाली व्हता. माझं चुकलं. तू पाणी काढलंस आन् झाकण लावलं व्हतंस, वर दगडबी ठेवला व्हतास. मी सोताच्या हातानं उचलला त्यो. तू नीट झाकलं व्हतंस गं.